न्हाणीत उलटं आलेलं पाणी

१

कर्दळी सुकल्या म्हणून दसरूभाऊ सापडला. नाईतर आमी सारे त्याले वाघानं नेला म्हणून रडून मोकळे झालो होतो.

मी रीता, कोसमहेटीची सरपंच. मोहर्लीच्या वाघ-सफारीच्या गेटापासून आमचं गाव नऊ किलोमीटर आणि जंगलापासून नऊ पावलं. गावातल्या साऱ्या न्हाण्यांचं अन् मोऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या पाइपातून गावाच्या उतारावर जाते. तिथी आधी झाकणाची बंद टाकी, गाळ खाली बसायसाठी. तिच्यापुढं गिट्टी भरलेला लांब वाफा, त्यात कर्दळी लावलेल्या. त्या कर्दळीच्या मुळांतून गाळून निघालेलं पाणी बोडीत, म्हणजे आमच्या लहानशा तळ्यात पडते अन् ढोरं ते पितात. हे सारं सांभाळणारा एकच माणूस होता, दसरूभाऊ. शहरातून कोणी पाहाले आलं की तो ओंजळभर पाणी त्यांच्या नाकाशी नेऊन म्हणे, वास येते का सांगा. साहेब लोकं मागं सरकत अन् हा हसे.

मंगळवारी आमच्या आळीतले म्हातारे दादाजी वारले. त्यांची मैत झाली त्याच दिवशी दसरूभाऊ हरवला. संध्याकाळी बोडीच्या काठावर त्याचा दुपट्टा अन् एक चप्पल सापडली. आमचे जुने पोलीस पाटील वामनराव काठी टेकत आले अन् त्यांनी सांगतलं की दिवस बुडता बुडता दसरूले बोडीकडे जाताना त्यांनी पाह्यलं होतं, मंग झाडीतून आवाज आयकला. झालं. तीन दिवस गाव दारं लावून बसलं. तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीची पानं तोडायचे दिवस होते, वर्षात पंधरा दिवसच हे काम मिळते, पण एक बाई रानात गेली नाई. मीही कडी लावून बसली होती. सरपंच असली तरी जीव सगळ्यांचा सारखाच.

शुक्रवारी सकाळी मी पापड वाळवाले स्लॅबवर चढली अन् उताराकडे पाह्यलं. साऱ्या कर्दळी माना टाकून पडल्या होत्या. मे महिन्यातही त्या कधी सुकत नाईत, कारण गाव रोजच भांडी घासते अन् रोजच आंघोळ करते. पाणी नाई म्हणजे टाकीच्या तोंडाशी काहीतरी अडकलं होतं.

दहा माणसं डबे वाजवत खाली गेलो. कडुलिंबाले झाकणाचा लोखंडी आकडा टांगला असते, तो काढून माझ्या दिरानं, निकेशनं, झाकण उचललं. आत डोकावला अन् तसाच मागं बसला. 

दसरूभाऊ आत होता. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेला.

वाघ माणूस नेते, बाप्पा. पण वरून झाकण लावून जात नाई.

२

ठाणेदार साहेब आले, पंचनामा झाला, दसरूभाऊले चंद्रपूरले नेलं. जाता जाता साहेबांनी ग्रामपंचायतीत बसून एकच हिशेब मांडला. वामनरावांनी त्याले दिवस बुडताना जिता पाह्यला. म्हणजे जे झालं ते त्याच्यानंतर. त्या वेळी सारं गाव भाकऱ्या घेऊन दादाजीच्या अंगणात बसलं होतं, कारण त्या घरची चूल पेटली नव्हती. नव्हते दोघंच. एक वामनराव, ज्यांचा गुडघा गेला आहे अन् जे सकाळी मैतीलेही जाऊ शकले नव्हते. दुसरा निकेश.

निकेश म्हणे, मी बैल शोधाले गेलो होतो. आता बैलाची साक्ष कोण घेते?

वरून आठ दिवसांपूर्वी भर चौकात तो दसरूभाऊशी भांडला होता. टाकीचं काम त्याले पाहिजे होतं. तू मरत बी नाई अन् काम सोडत बी नाई, असं तो बोलून गेला होता अन् ते पन्नास लोकांनी आयकलं होतं. साहेब म्हणाले, याले गावातच ठेवा, पाच वाजता येऊन घेऊन जातो.

मी या घरात नवरी म्हणून आली तेव्हा निकेश नऊ वर्षांचा होता. सासू नव्हती. त्याचं नाक पुसणं, त्याची शाळा, त्याचा टायफॉइड, सारं मीच केलं. माझा मालक अजय मोहर्लीले सफारीची जिप्सी चालवते, सीझनमध्ये तिथीच राह्यते. तेव्हा घरात आमी दोघंच. कोणी त्याच्याकडे बोट केलं असतं तं मी त्याचं बोट मोडलं असतं. पण मी गप्प बसली, कारण मले एक गोष्ट माहीत होती.

निकेशच्या हातात त्याच्या आईचं चांदीचं कडं असते. मंगळवारी सकाळी ते पांढरं लख्ख होतं. बुधवारी ते कोळशासारखं काळं झालं होतं अन् तो ते तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवताना मले दिसला. मी विचारलं नाई. उत्तराचं भेव वाटलं.

दुपारी टाकी उपसाले मुश्ताकभाई आले. मूल गावाहून, आपला टँकर घेऊन. तीस वर्षं झाली, ते लोकांच्या सेप्टी टाक्या उपसतात. पन्नाशी उलटलेला बारका माणूस, कानात अत्तराचा फाया अन् बोटात जाड चांदीची अंगठी. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांले वाऱ्याच्या बाजूले उभं केलं. झाकण उघडून अर्धा तास कोणाले जवळ येऊ दिलं नाई. मंग सावकाश वाकून टाकी पाह्यली, पाइप पाह्यला अन् तोंड पुसत परत आले.

वामनरावही तिथी काठीवर भार देऊन उभे होते. ते म्हणाले, उपसता कायले, मुश्ताक? माणूस मेला त्याच्यात. माती टाका अन् बुजवून टाका, पाप आहे ते. गावातल्या चार जणांनी माना हलवल्या. मलेही ते पटलं होतं, खोटं कायले बोलू.

मुश्ताकभाईंनी त्यांच्याकडे पाह्यलं अन् आपली अंगठी माझ्यापुढं धरली. "बाई, हा माझा मीटर. आत सडक्या अंड्याचा ग्यास असते. दोन श्वासात माणूस आडवा होते, ओरडाले टाइम भेटत नाई. पण त्याच्याआधी चांदी काळी पडते. झाकण उघडं असताना जो इथी उभा राह्यला ना, त्याच्या अंगावरची चांदी पाहा."



३

मी घरी पळाली. कोठीत हात घातला, कडं काढलं, पदरात बांधलं. विहिरीत टाकून द्यायचं, बस. सरपंच असून पुरावा बुडवाले निघाली होती मी, अन् मले त्याची लाजही वाटत नव्हती. मनात एवढंच होतं की पाच वाजता पोराले नेतील अन् मंग तो परत येणार नाई. त्याच्यापेक्षा मोठं भेव हे, की कदाचित त्यानंच केलं असंल.

दारातच मुश्ताकभाई उभे. पाणी प्याले आले होते. मी तांब्या दिला. ते उंबऱ्यावर टेकले, पाणी प्याले अन् त्यांची नजर माझ्या पायांवर थांबली.

"बाई, जोडवे नवीन केले काय? का चिंचेनं घासले?"

मी पाय साडीत ओढून घेतले. पण हा माणूस तीस वर्षं गाळातून गोष्टी काढत आला होता. तो उठलाच नाई. शेवटी मी सांगतलं. बुधवारी सकाळी माझे जोडवे काळेभोर दिसले होते. सौभाग्याची चांदी काळी पडली म्हणजे मालकावर काहीतरी येणार, असं आमच्यात समजतात. गावाजवळ वाघ फिरून राह्यला अन् माझा मालक रोज जिप्सी घेऊन जंगलात. मी दार लावून चिंच-राखेनं घासत बसली, कोणाले सांगतलं नाई. सांगतलं तं खरंच होते म्हणतात.

"तुमी मंगळवारी टाकीकडे गेल्या होत्या?"

"नाई जी. मी तं दादाजीच्या घराच्या पलीकडे गेली नाई. मैतीची आंघोळ केली अन् चुलीशी बसली."

बोलता बोलता मीच थांबली. मी टाकीजवळ गेली नव्हती. तरी माझी चांदी काळी पडली होती. पदराची गाठ सोडून मी ते कडं त्यांच्या हातात ठेवलं, कारण आता मले तिसऱ्याच गोष्टीचं भेव वाटत होतं, की टाकीतला तो ग्यास माझ्या घरात आला कसा.

मुश्ताकभाईंनी कडं उन्हात फिरवलं. "याची न्हाणी कोणती?"

"हीच. आमच्या घरात एकच न्हाणी आहे."

"चला," ते म्हणाले. "गावातल्या बायांचे पाय पाहाले."

४

परक्या माणसानं बायांचे पाय पाहायचे म्हणजे मारच खायची वेळ. म्हणून ते बाहेर थांबले अन् मी घरोघर आत गेली. वरच्या आळीत काही नव्हतं. साऱ्यांचे जोडवे, पैंजण पांढरे. बाया माझ्याकडे पाहून म्हणत, सरपंचीणबाई पागल झाली काय.

उतारावरच्या सात घरांत, त्यात माझंही आलं, मात्र वेगळंच. मी नुसतं जोडवे म्हटलं अन् पहिल्या घरची बाई रडाले लागली. तिचेही काळे. दुसरीनं फडक्यात गुंडाळून देवाजवळ ठेवलेले. तिसरी तीन दिवस मालकाले घराबाहेर जाऊ देत नव्हती. मी धरून सहा जणी, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, आणि प्रत्येकीले वाटत होतं की घाला फक्त आपल्याच कुंकवावर आहे. एकीनं जरी तोंड उघडलं असतं ना! पण मीच कुठं उघडलं होतं?

प्रत्येकीले मी एकच विचारलं. त्या दिवशी न्हाणीत काही झालं? हो, झालं होतं. मैतीवरून माणसं परतली, दुपारी एकच्या सुमारास साऱ्या गावानं एकदमच आंघोळी केल्या, कपडे धुतले. तेव्हा खालच्या न्हाण्यांत पाणी जायच्या ऐवजी उलटं वर आलं. काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं, घोट्यापर्यंत. संध्याकाळपर्यंत टाकीच्या कडेनं झिरपून हळूहळू उतरलं, मंग थोडं थोडं सोडलं तं परत चढलं नाई. माझ्याकडेही आलं होतं. दसरूभाऊले सांगू म्हटलं, तोच तो हरवल्याची बोंब झाली अन् पाणी विसरून गेलो.

सातवं घर दादाजीचं. त्यांची बायको रुखमाबाई कोपऱ्यात बसली होती. तिच्या पायात आता जोडवे नव्हते. तिरडी उठायच्या आधी बायांनी ते काढले होते अन् पितळी डब्यात ठेवले होते. मी जोडव्यांचं विचारलं तशी तिनं स्वतःच डबा उघडला. आतले जोडवे पांढरे शुभ्र.

"सकाळपर्यंत माह्या पायातच होते, बाई," ती म्हणाली. "न्हाणीतच बसवून या बायांनी काढले."

मंग ती आणखी एक बोलली. तिरडी उठली तेव्हा दसरू तिच्याजवळ आला होता. म्हणाला, आई, मी नाल्यापर्यंतच जातो अन् मागं फिरतो. सारं गाव एकदम आंघोळ करंल, त्याच्याआधी टाकीची कचरा अडवणारी जाळी मोकळी करतो, नाईतर तुमच्याच न्हाणीत पाणी उलटून येईल. प्रत्येक मैतीले तो असंच करे म्हणे. आमाले कोणालेच माहीत नव्हतं. पाणी कधी उलटं आलंच नाई, मंग माहीत कायले होईल?

मी बाहेर आली. हे सारं आयकून मुश्ताकभाईंनी आकाशाकडे पाह्यलं. पाच वाजाले वीस मिनिटं होती.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा दीर सुटला. पण आता ज्याचं नाव घ्यायचं आहे, त्याच्या तोंडावर घ्यायची हिंमत आहे ना?"

५

ठाणेदार साहेब टाकीजवळच आले. निकेशले दोन शिपायांच्या मधात उभं केलं होतं. त्यानं माझ्याकडे पाह्यलं अन् खाली मान घातली. सारं गाव कडुलिंबाखाली. वामनरावांसाठी कोणीतरी खुर्ची आणली होती.

मुश्ताकभाई टँकरच्या पायरीवर बसून बोलले, जसं कोणी रस्ता समजावून सांगते. पाणी उलटं आलं दुपारी एकले. म्हणजे टाकीचं तोंड तोवर बंद झालं होतं, अन् ते दसरूभाऊच्याच अंगानं झालं होतं. मुरून राह्यलेला ग्यास पाण्यासंगं मागं सरकला अन् खालच्या सात न्हाण्यांत निघाला, म्हणून सहा घरची चांदी काळी. रुखमाबाईचे जोडवे तिरडी उठेपर्यंत तिच्या पायात, त्याच न्हाणीत, अन् तरी पांढरे. म्हणजे तोवर टाकी मोकळी होती. दसरू मेला तो तिरडी उठल्यावर अन् गाव आंघोळीले बसायच्या आधी.

"या मधात निकेश कुठी होता?" साहेबांनी विचारलं.

गावातून चाळीस गळे एकदम बोलले. तो तिरडीचा पुढचा खांदेकरी होता. मसणात लाकडं त्यानंच रचली. आंघोळीपर्यंत एक क्षण नजरेआड नव्हता. त्याचं कडं काळं झालं ते घरच्या न्हाणीत. मंग त्यानं ते लपवलं कायले? निकेश पहिल्यांदाच बोलला. म्हणे, मी त्याले मर म्हटलं होतं अन् तो मेला. आईचं कडं काळं पडलं तेव्हा मले वाटलं, माह्याच शिवीनं त्याले खाल्लं.

मी तोंडात पदर कोंबला. या पोरावर मी शंका घेतली होती.

साहेब सावकाश वळले. जो माणूस दुपारी एकच्या आत मेला, तो दिवस बुडताना बोडीकडे चालत कसा गेला?

सारं गाव खुर्चीकडे पाहाले लागलं. वामनराव म्हणाले, डोळे म्हातारे झाले, दुसरा कोणी असंल.  मुश्ताकभाईंनी उठून टँकरचा पाइप टाकीत सोडला अन् मोटर चालू केली. गाळ खेचला जाऊ लागला. दहा मिनिटं झाली अन् पाइप गुदमरून थरथरला. काहीतरी अडकलं होतं. निकेशनं आकडा घालून ते वर ओढलं. पोत्याचं गाठोडं, तारेनं बांधलेलं.

तार कापली. आत कुजलेलं कातडं होतं, पिवळ्यावर काळे पट्टे. अन् चार पंजे.

बायांनी लेकरं मागं ओढली.  ज्या वाघाले भिऊन आमी तीन दिवस दारं लावून बसलो होतो, तो वाघ टाकीत होता.

मले तेव्हा आठवलं की बोडीपलीकडे वामनरावांचं उन्हाळी धान आहे, अन् यंदा डुकरांनी एक लोंबी खाल्ली नाई म्हणून ते चार ठिकाणी सांगत फिरले होते. कुंपणाच्या तारेत त्यांनी करंट सोडला होता, हे मंग त्यांनीच कबूल केलं. महिन्याआधी डुकराऐवजी वाघ मेला. त्यांनी तो बांधावर पुरला, पण कुत्रे उकराले लागले, म्हणून ओळखू येईल ते कातडं अन् पंजे पोत्यात बांधले. मैतीच्या दिवशी माणसं सारी मसणात, बाया दादाजीच्या घरी. गुडघ्याचं निमित्त करून ते मागं राह्यले अन् गाठोडं टाकीत टाकाले आले. गावात कोणीच नाकाजवळ घेत नाई अशी ती एकच जागा. फक्त दसरूभाऊ त्याच वेळी येते, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"म्या त्याले ढकललं नाई," वामनराव म्हणाले.  "त्यानं पाह्यलं. म्हणे, पाटील, हे माह्या टाकीत नाई चालायचं. गाठोडं काढाले वाकला अन् भोवळ येऊन आत गेला. मले जेलचं भेव वाटलं. म्या झाकण लावलं."

दुपट्टा अन् चप्पल त्यांनीच बोडीवर नेऊन टाकली होती. साहेबांनी विचारलं, ओरडले काऊन नाई? पन्नास पावलांवर घरं होती, बाया होत्या. कोणी दोर टाकला असता.

वामनराव टाकीकडे पाहत हळूच म्हणाले, "झाकण लावल्यावर आतून एकदा वाजलं. एकदाच."

६

शनिवारी दसरूभाऊची मैत झाली. निकेशनं खांदा दिला अन् नाल्यापाशी दुसऱ्याले देऊन मागं फिरला. कोणी विचारलं नाई कुठी चालला म्हणून.

माणसं परतली. साऱ्या घरी न्हाणीत बादल्या भरून ठेवल्या होत्या. पण कोणाच्याच न्हाणीतून पाण्याचा आवाज येईना. मी माझ्या न्हाणीत तांब्या भरून उभी. भिंतीपलीकडून शेजारणीनं हळूच विचारलं, बाई, तू घेतली का आंघोळ? मी नाई म्हटलं. ती म्हणाली, मी पण नाई. तिच्या पलीकडचीही तशीच उभी होती. मसणातून आलेलं, अंगाले धूर लागलेलं सारं गाव हातात पाणी धरून उभं होतं अन् पहिला तांब्या ओताले कोणाची छाती होत नव्हती. मंगळवारी आमी असंच धडाधड ओतलं होतं, अन् ते कोणावर जाऊन पडलं होतं ते आता आमाले माहीत होतं.

मले भेव वाटत होतं. त्या जागेचं, त्या झाकणाचं, माझ्या हातातल्या पाण्याचं. नळाचा थेंब पडला तरी तो आतून वाजल्यासारखा वाटे.

मंग उतारावरून निकेशचा आवाज आला. मुश्ताकभाईनं शिकवलं तसं त्यानं झाकण उघडून अर्धा तास वाट पाह्यली होती, वाऱ्याच्या बाजूनं वाकून आत पाह्यलं होतं, जाळी मोकळी केली होती. दसरूभाऊचा आकडा त्याच्या हातात असंल.

"आत कोणी नाई हो," तो ओरडला. "सोडा पाणी."

खालच्या घरानं ते वरच्याले सांगतलं, त्यानं त्याच्या वरच्याले. शेवटच्या घरापर्यंत हाक पोचू दिली, मंग मी तांब्या ओतला.